रुग्णालयातील कर्मचारी पडतात, तेव्हा दोष कोणाचा?

‘रुग्णालयातील कर्मचारी घसरतात ते स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, शुद्ध हरपली नाही आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला, तर डोक्याला काही झालेले नसते, आणि चूक स्वतःची असल्याने भरपाई मिळत नाही,’ असा एक मजकूर सध्या मोबाइलवर फिरत आहे. त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि मधले धोकादायकही आहे.

निष्काळजीपणा हेच कारण असते, तर फरशी आणि पादत्राणे यांकडे लक्ष देऊन फारसा फरक पडला नसता. अमेरिकेतील तीन रुग्णालयांमधील दहा वर्षांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. सांडलेले द्रव तत्काळ पुसणे, ओली जागा अडवून ठेवणे, न घसरणारी पादत्राणे वापरणे अशा उपायांनंतर तेथे घसरून वा अडखळून पडल्याबद्दलच्या भरपाई दाव्यांचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. तेवढ्या काळात सगळ्यांचा स्वभाव पालटला, असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडेही भर वर्दळीच्या वेळी पुसलेली लादी, गळणारे सलाइन आणि खाटेखालून गेलेल्या वायरी यांतूनच मावशी, वॉर्डबॉय आणि सिस्टर यांना धावपळ करावी लागते.

मेंदूला हादरा बसलेल्या बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि कवटीचे फ्रॅक्चर दिसते. हादऱ्यामुळे मेंदूच्या कामात झालेला बिघाड मात्र त्यात सहसा दिसत नाही. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणे, विसरभोळेपणा, चिडचिड ही लक्षणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतात. वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर कवटीच्या आत सावकाश साचणारे रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ लागते. अशा स्थितीत औषधांचे डोस मोजणाऱ्या सिस्टरला ‘पाळी तेवढी पूर्ण करा’ असे सांगणे रुग्णांच्याही जिवावर बेतू शकते.

भरपाईबाबत 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याने घालून दिलेले तत्त्व स्पष्ट आहे: नशेत असणे, स्पष्ट आदेश वा नियम जाणूनबुजून मोडणे किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकणे, अशा कारणांनी अपघात झाला तरच मालकाला जबाबदारी टाळता येते, आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास तीही सबब चालत नाही. साध्या अनवधानाचा त्या यादीत उल्लेख नाही. कंत्राटी सफाई कामगारालाही मूळ मालकाकडे दावा करता येतो. कंत्राटदाराकडून ती रक्कम वसूल करणे हे मग त्या मालकाचे काम.