झुंडीला चेहरा नसतो म्हणे

काल रात्री साडेअकराला आईचा मेसेज. मामांनी नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड आणि खाली तिचं एकच वाक्य, "मला पटतंय गं हे." मामा रोज काय काय टाकत असतात, मी तो ग्रुप कधीच म्यूट केलाय, पण आईला पटलं म्हटल्यावर झोप उडाली. फॉरवर्ड थोडक्यात असा: झुंडीला चेहरा नसतो, जे होतं ते रागाच्या भरात होतं, दंगलीत दोन्हीकडची माणसं मरतात, कायद्याने सुटले की विषय संपला, सामान्य माणसाने कशाला अपराधी वाटून घ्यायचं, आणि शेवटी नेहमीचं, काश्मिरी पंडितांच्या वेळी कुठे होतात?

दोन्हीकडची माणसं मरतात, हे आधी उरकते. मरतात, बरोबर आहे. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबईच्या दंगलीत ९०० माणसं गेली, तिची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आकडे आहेत, त्यात ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू. त्या २७५ घरांतलं दुःख काही कमी प्रतीचं नव्हतं, एवढं मामांना देऊन टाकू. पण "दोन्हीकडची" म्हणताना सारखेच मेले असं जे सुचवलं जातं ते या आकड्यांत कुठेच नाहीये, आणि शहरात कोण किती होते हे लक्षात घेतलं तर फरक अजूनच वाढतो.

रागाच्या भरात वगैरे तर सोडाच. १९८४ मध्ये दिल्लीत मतदार याद्या हातात घेऊन शिखांची घरं शोधली होती. डोक्यात राग गेलेला माणूस यादी बघत बसतो का?

आता मुख्य मुद्दा, झुंडीला चेहरा नसतो. हे वाक्य ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की आईसारखी माणसंही मान डोलावतात, म्हणून यावरच जरा थांबते. बिल्किस बानोंचं प्रकरण घ्या. गुजरातची दंगल, ३ मार्च २००२, दाहोद जिल्हा, जीव वाचवायला गाव सोडून निघालेलं कुटुंब. ती २१ वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर. तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, १४ जणांना मारलं, त्यात तिची तीन वर्षांची मुलगी. आणि हे करणारे कोण, तर तिच्याच गावचे, येता-जाता दिसणारे, तिला नावानिशी माहीत असलेले लोक. ती पोलीस ठाण्यात गेली, नावं सांगितली. फिर्याद लिहून घेणाऱ्याने ती नावं लिहिलीच नाहीत. मग वर्षभरात स्थानिक पोलिसांनी केस बंद करायला घेतली, कारण काय तर गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाहीत, आणि कोर्टाने ते मान्यही केलं! म्हणजे मामांचा फॉरवर्ड २००३ मध्येच सरकारी कागदावर उतरला होता, झुंडीला चेहरा नाही. पुढे सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला, खटला गुजरातबाहेर मुंबईत आणला, आणि २००८ मध्ये त्याच बिनचेहऱ्याच्या झुंडीतल्या ११ जणांना जन्मठेप झाली. २०१७ मध्ये हायकोर्टाने ती कायम केली, वर पुराव्याची वाट लावणारे पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांनाही दोषी धरलं. चेहरे पहिल्या दिवसापासून होते, लिहिणाऱ्याने पेन उचललं नाही, एवढंच.

"कायद्याने सुटले की विषय संपला", हेही यातच येतं. गुजरात सरकारने त्या ११ जणांची शिक्षा माफ केली आणि १५ ऑगस्ट २०२२ ला ते सुटले. तुरुंगाबाहेर हार घातले, मिठाई भरवली. सुटकेची शिफारस करणाऱ्या समितीवरचे एक आमदार म्हणाले, ब्राह्मण आहेत, संस्कार चांगले आहेत. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती माफी रद्द केली, कारण शिक्षा मुंबईच्या कोर्टाने दिली होती तर माफीचा निर्णय महाराष्ट्र सरकारचा, गुजरातला तो अधिकारच नव्हता. दोन आठवड्यांत परत आत जा म्हणून सांगितलं आणि सगळे गेले. मग मामा, विषय नक्की कुठल्या तारखेला संपला होता?

आणि हार घालणारे तर झुंड नव्हते ना. दिवसाढवळ्या, कॅमेऱ्यासमोर, हसत उभे होते. त्या दिवशी आमचा हाच ग्रुप तिरंग्याच्या फोटोंनी भरून गेला होता, मीही गच्चीवरचा एक टाकला होता. हाराचा व्हिडिओ तासाभरात माझ्याकडे आला, मी तो बघितला, आणि सणासुदीला कशाला वाद म्हणून ग्रुपवर टाकला नाही. अपराधी वाटून घेऊ नका म्हणणाऱ्या मामांना हे सांगायला हवं, कोणी कोणाला वाटायला लावत नाहीये, ते आपोआप वाटतं.

गुजरात लांबचं वाटत असेल तर पुण्यातलं हडपसर आहे. जून २०१४, सोशल मीडियावर कोणीतरी शिवाजी महाराजांचा विटंबना केलेला फोटो टाकला, आणि त्याच्याशी काडीचा संबंध नसलेला, नमाज पढून मित्राबरोबर घरी चाललेला आयटीतला एक मुलगा मारला गेला. २०१७ मध्ये तिघांना जामीन देताना हायकोर्टाने लिहिलं की मयताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही गोष्ट आरोपींच्या बाजूने धरली! सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. २०२३ मध्ये सगळे पुराव्याअभावी सुटले. ठीक आहे, पुरावा नाही तर शिक्षा नाही, मान्य. पण रस्त्यावर माणूस मेला हे तर खरं आहे ना, मग त्याला मारलं कोणी हा प्रश्न त्यानंतर आपल्यात कोणी विचारला?

पंडितांचं म्हणाल तर हो, चूकच होती, बोलायला हवं होतं. खोऱ्यात तेच अल्पसंख्याक होते, आणि शेजारी दारं लावून बसले याचंच तर मामांना आजही दुःख आहे. मग दार लावणं तिथे पाप आणि इथे व्यवहारज्ञान कसं?

हे सगळं सकाळी आईला पाठवलं. तिने बाकी काही विचारलं नाही, फक्त, "ते आमदार खरंच असं बोलले?" व्हिडिओ शोधून पाठवलाय.