आदर्श दांपत्य (बदली)

आमच्या शोकेसमध्ये गेल्या रविवारपासून कालपर्यंत एक स्मृतिचिन्ह उभं होतं. खाली लाकूड, वर काच, काचेत चोचीला चोच लावलेली दोन कबुतरं आणि त्याखाली सोनेरी पट्टीवर 'आदर्श ख्रिस्ती दांपत्य' अशी अक्षरं. अक्षरांखाली नवरा-बायकोची नावं. ती आमची नाहीत.

सत्कार मात्र आमचाच झाला. ज्यांचा व्हायचा होता ते जोडपं रविवारी सकाळी 'व्हायरलनं झोपलं', आणि साडेनऊला मला सेक्रेटरींचा फोन आला. "ब्रदर, तुम्ही दोघं तसे मोकळेच असता." मोकळेच! "अकराला दांपत्य मेळावा आहे. दहा मिनिटं साक्ष द्यायची. विषय सोपा आहे. तुमचे ख्रिस्ती आदर्श कोण, आणि विश्वास संसारात कसा जगता." कार्यक्रम संपल्यावर मी पट्टीकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, "बदलून देऊ की."

बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या मराठीत वाक्याच्या शेवटी 'की' आला की त्या वाक्यावर फार भार टाकायचा नसतो. 'येतो की' म्हणजे वाट बघू नका. 'देऊ की' म्हणजे विसरा.

तर साडेनऊ ते साडेदहा या एका तासात अंघोळ, दाढी, इस्त्री आणि आदर्श शोधणं अशी चार कामं होती. पहिली तीन झाली. आदर्श काही सापडेना. बायबल उघडलं तर पहिल्याच पुस्तकात अब्राहाम. विश्वासणाऱ्यांचा बाप. जीव वाचवायला परमुलखात बायकोला 'ही माझी बहीण' म्हणून सांगितलं, ते एकदा नव्हे, दोनदा. पुढं त्याच्या मुलानं, इसहाकानंही तेच केलं. म्हणजे ही खानदानी युक्ती. त्या इसहाकाची रिबका, तिनं म्हाताऱ्या आंधळ्या नवऱ्याला धाकट्या मुलाच्या मदतीनं फसवलं. ईयोबाची बायको त्याला म्हणाली, देवाला शिव्या दे आणि मर. सगळ्या बायबलात एकमताचं म्हणावं असं जोडपं म्हणजे हनन्या आणि सप्पीरा. जमिनीच्या किमतीबद्दल दोघांनी अगदी ठरवून एकच थाप मारली, अक्षराचा फरक नाही. आधी तो मेला, सुमारे तीन तासांनी ती.

बायबल मिटून इतिहासाकडे वळलो. ज्याच्या नावावर जगभर मेथडिस्ट मंडळ्या चालतात त्या जॉन वेस्लीनं १७५१ साली एका विधवेशी लग्न केलं. वीस वर्षांनी ती घर सोडून गेली, तेव्हा त्यानं रोजनिशीत लॅटिनमध्ये लिहून ठेवलं : मी तिला टाकलं नाही, घालवलं नाही, परत बोलावणारही नाही. लॅटिनमध्ये! मनात म्हटलं, वा रे धर्मसुधारका. १७८१ साली ती वारली, ते त्याला तिला पुरल्यावर कळलं.

मग आपले टिळक. आम्ही टिळकवाडीत राहतो, त्यामुळं 'आमचे टिळक' म्हटलं की लोकांना लोकमान्य वाटतात. आमचे म्हणजे रेव्हरंड नारायण वामन. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. त्या मुलाला घेऊन मागं राहिल्या, रडल्या, चिडल्या, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. पुढं टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं ते याच बाईनं. हे खरे आदर्श. पण दांपत्य मेळाव्यात 'नवऱ्यानं न सांगता एवढं केलं' हे सांगणं म्हणजे समोरच्या बायकांच्या हातात काडेपेटी देणं.

शेवटी अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला पक्के केले. तंबू शिवणारं जोडपं. पौल त्यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर काम करायचा. जिथं एकाचं नाव तिथं दुसऱ्याचं. भांडणाची नोंद नाही. म्हणजे नसतीलच असं नाही, पौलानं लिहिली नसतील. बायको बूट घालता घालता म्हणाली, "त्यात बऱ्याच ठिकाणी बायकोचं नाव आधी आहे, ते सांगा."

बायको धारवाडची. तिचं घराणं बासेल मिशनचं, १८३७ साली मिशन धारवाडला आलं तेव्हापासूनचं, असं ती सांगते आणि मी मान्य करतो. माझी उपासना मराठी, तिची प्रार्थना कन्नड. ती कन्नडमध्ये रागावते, मी मराठीत रुसतो. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं हे बघणाऱ्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या सीमाप्रश्नाला मात्र अजून आयोगच मिळाला नव्हता. तो रविवारी मिळाला, रेल्वेच्या दुसऱ्या गेटवर.

गेट पडलेलं होतं. आमच्या गाडीची डावीकडची काच दोन वर्षांपासून वर जात नाही. इंजिन बंद केलं आणि बायको म्हणाली, "रीऽ, गॅस बंद माडीरेन्री?"

मी म्हटलं, "तू शेवटी बाहेर पडलीस."

इथून पुढचा मजकूर प्रत्येक घरात तोंडपाठ असतो, म्हणून गाळतो. आवाज किती चढला ते कळलं नाही. कळलं ते तिच्या खिडकीतून तिसरा आवाज आला तेव्हा.

"काय राहिलंय म्हणालाय? गॅस?"

खिडकीला खेटून एक जुनी स्कूटर. त्यावर साठीतला माणूस, डोक्याला टॉवेल. आणि मागच्या सीटवर, ट्यूबच्या पट्ट्यांनी आडवा-उभा बांधलेला, पांढराशुभ्र, कोराकरकरीत कमोड. माणसानं मागं रेलून त्यावर कोपर टेकवलं होतं. जज्जसुद्धा खुर्चीवर इतक्या अधिकारानं रेलत नसेल.

"काही नाही काका," मी म्हटलं.

"तुम्ही थांबा साहेब. त्यास्नी बोलू दे. बाई, पयल्यापास्नं सांगा. घरातनं शेवटी भाईर कोण पडलं?"

"मी," बायको म्हणाली.

"हां! बघा!" मी.

"थांबा म्हटलं की. बाई, तुम्ही शेवटी का पडला?"

"यांचं बायबल आत राहिलं होतं. ते आणायला मी परत गेले."

काकांनी कमोडवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. टिपून घेतल्यासारखं. "बरं. गॅस पेटवला कुणी?"

बायको गप्प. माझ्याकडे बघत गप्प. याला धारवाडी सभ्यता म्हणतात.

"चहा केला होता मी," मी म्हटलं. "साक्ष द्यायची होती, घसा..."

"किती कप?"

"एक."

"एकच?" काका सरळ बसले. "बायकूला नाही?"

एव्हाना पलीकडचा ॲक्टिवावाला कॉलेजकुमार हेडफोन काढून ऐकत होता. शेंगा विकणारी बाई टोपली खाली ठेवून उभी राहिली. मालगाडी आली, आणि निकाल लांबू नये म्हणून काकांनी आवाज चढवला. डबे धडधडत होते आणि त्यावरून ओरडून माझी उलटतपासणी चालली होती : रेग्युलेटरचा खटका कुणाला जमतो, किल्ली कुणाकडं असते, मागच्या वेळी कोण विसरलं होतं. मागच्या वेळचं यांना कुणी सांगितलं? बायकोनं. मी डबे मोजत होतो तेवढ्यात.

मालगाडी गेली. गेट उघडलं नाही. दुसरी गाडी यायची होती. काकांनी निकाल दिला.

"ज्यानं पेटवला त्यानं इझवायचा. सरळ हाय. त्यात बायबल कशाला आणालाय मधी?"

शेंगावाली म्हणाली, "बरोबर हाय." पोरगा म्हणाला, "अंकल, आजकाल ऑटो कटवाली शेगडी मिळते." बायकोनं शेंगा घेतल्या. दहाच्या दोन पुड्या, एक काकांना. मला नाही.

मी चिडून म्हटलं, "तुमच्या घरी होत नाही का भांडण?"

"गॅसवरनं? एकदाबी न्हाई. आमच्यात चूलच हाय." मग शेंगा फोडत त्यांनी कमोडाकडं बघितलं. "ह्याच्यावरनं झालं की. सा म्हैने. तिचं गुडघं गेलं. बसाय येईना, बसली तर उठाय येईना. म्हणाली, खुर्चीवानी बसवा. मी म्हटलं, गल्लीत कुणाकडं हाय काय, लोक काय म्हणतील. सा म्हैने, साहेब. एक दिवस पाटंचं उठून बघतोय तर भिंतीला धरून रडालीय. आवाज न करता." त्यांनी टरफलं काळजीपूर्वक खिशात टाकली. "तीन दुकानं फिरलो. तिला गुलाबी पायजे होता. गुलाबी न्हाई मिळाला."

गाडी गेली, गेट उघडलं. आणि दुसऱ्या गेटवर नेहमी होतं ते झालं. गेट पडलेलं असताना दोन्ही बाजूंची वाहनं आख्खा रस्ता व्यापून समोरासमोर उभी असतात, उघडलं की दोन सैन्यं एकमेकांवर चालून जातात. त्या दंगलीत काका हातानं कमोड धरून, एकाही वाहनाला न घासता, सुईतून दोरा जावा तसे निघून गेले. नाव विचारायचं राहिलं. आम्ही त्यांना महाजनसाहेब म्हणतो.

शेजाऱ्यांना फोन केला, किल्ली कुंडीखाली असते. गॅस बंद होता. कुणी केला ते आजवर निघालेलं नाही.

मेळाव्यात पहिली पाच मिनिटं माझी. मी अक्विल्ला-प्रिस्किल्ला नीट मांडले, इफिसकरांच्या पत्रातला पाचवा अध्याय घेतला. मागच्या रांगेतून घोरण्याचा आवाज आला. मग बायको उठली. तिनं एकही वचन घेतलं नाही. आपल्या धारवाडी मराठीत दुसरं गेट सांगितलं, सगळं, माझ्या एक कप चहासकट. हॉल हसून लोळला. गुलाबीपाशी आल्यावर पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्याला लावला. पाळकसाहेबांनीही चष्मा पुसला. आता मंडळीतली पोरं मला 'एक कप अंकल' म्हणतात. तक्रार नाही. आहे, पण सांगून उपयोग नाही.

तक्रार दुसरीच आहे. जेवणाच्या रांगेत कमिटीतले एक ज्येष्ठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "साक्ष चांगली झाली, पण पुलपिटावरून कमोड... आणि ते गृहस्थ आपल्यातले नव्हते ना?" मी म्हटलं, नव्हते. "मग ख्रिस्ती आदर्श म्हणून..." त्यांनी वाक्य आणि बिर्याणी दोन्ही अर्धवट सोडलं.

मला सांगा, या मेळाव्यात आजवर सत्कार कुणाचे झाले? दोघं नोकरीत, मुलगा परदेशात, नाताळच्या पाकिटावर मोठा आकडा. स्टेजवर एक वाक्य ठरलेलं : "आमच्यात कधी भांडण झालंच नाही." समोर बसलेली, सकाळीच भांडून आलेली पंचवीस जोडपी ते ऐकतात आणि आपलंच काही तरी बिघडलंय असं समजून घरी जातात. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, दारुड्याला तीस वर्षं जेवू घालणाऱ्या, अशा किती जणी मागच्या बाकांवर असतात. त्यांना दांपत्य मेळाव्याचं आमंत्रणही नसतं. त्या आदल्या दिवशी हॉल झाडायला असतात.

आणि ते व्हायरल. सोमवारी बायकोनं त्या घरी फोन केला, ताप कसा आहे विचारायला. फोन नवऱ्यानं घेतला. बाई शनिवारपासूनच खानापूरला माहेरी होती. हे कमिटीतल्या निदान तिघांना रविवारी सकाळीच ठाऊक होतं. कुणी उठून त्यांच्या घरी गेलं नाही. सगळे बिर्याणीला थांबले. मीही. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

पट्टी बदलायला खडेबाजारातला दुकानदार दोनशे वीस रुपये म्हणाला. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "बदलायची कशाला? ज्यांचं आहे त्यांना देऊ." मी म्हटलं, अशा वेळी? हे? 'आदर्श दांपत्य'? तो माणूस ते आपल्या डोक्यात घालेल. "घालू दे," ती म्हणाली. "निदान घरात कुणीतरी आलं असं तरी वाटेल." डब्यात तिनं आंबोळ्या आणि शेंगाची चटणी भरली. शेंगा त्या दिवशीच्याच होत्या.

काल संध्याकाळी निघालो. कबुतरं तिच्या मांडीवर, डबा पायाशी. दुसरं गेट पडलेलं. मी इंजिन बंद केलं आणि डावीकडं बघितलं. कांदे नेणारा टेम्पो होता.

"रीऽ," ती म्हणाली, "गॅस?"

खरं म्हणजे मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, "केला बंद. मीच केला."

तिनं थोडा वेळ काचेतल्या कबुतरांवरचा डाग पदरानं पुसला.

"होय," ती मराठीत म्हणाली, "मी पण बघितलंय की."