बंदूक साफ करायला दोन तास? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

ठाण्या-नवी मुंबईतल्या नेमबाजांच्या आणि परवानाधारकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पाऊस सुरू झाला की एक मेसेज फिरायला लागतो. घोडबंदरकडच्या नेमबाजीच्या रेंजवर मुलांना घेऊन येणाऱ्या काही पालकांनी तो वाचून तसं करायला सुरुवातही केली आहे, म्हणून हे लिहितेय.

मेसेजमध्ये जे आहे ते थोडक्यात असं. प्रत्येक फायरिंगनंतर हत्यार पूर्ण खोलून दोन तास साफ केलंच पाहिजे, नाहीतर आठवड्याभरात नळी बाद होते. नळीत उकळतं पाणी ओता, कारण लष्करात तसंच करतात. काजळी रॉकेलने काढा आणि वर खोबरेल तेल लावा. चिंधी पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत रॉड पुढून आत-बाहेर घासत राहा. एअर रायफललाही हाच नियम. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल साफ नव्हतं म्हणूनच बंद पडलं. शेवटी, सर्व परवानाधारकांना पाठवा.

पावसाळ्यात हत्याराकडे जास्त लक्ष द्यायला हवं, एवढं त्यात खरं आहे. बाकी मजकुराने हत्याराचं नुकसान होतं आणि काही ठिकाणी माणसाच्या जिवालाही धोका आहे.

आधी वेळेचं बघू. रोजच्या सफाईसाठी हत्यार पूर्ण खोलायचं नसतंच. पॉइंट टू-टू (.22) रायफलचा बोल्ट, म्हणजे मागचा सरकता भाग, काढला की नळी मोकळी होते. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथे, साचलेली काजळी आणि मेण पुसायचं, नळीतून दोन-चार चिंध्या ओढायच्या, बोल्टचं तोंड पुसायचं, बाहेरून तेलाचा हलका हात फिरवायचा. सवय असलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. 12 बोअर दुनळीच्या नळ्या तर क्षणात सुट्या होतात. तिला ब्रश थोडा जास्त मारावा लागतो, कारण छर्ऱ्यांचं शिसं आणि काडतुसातल्या प्लास्टिकच्या वॅडचा (बुचाचा) थर नळीच्या आत धरतो. रिव्हॉल्वरला पिस्तुलापेक्षा जास्त वेळ जातो. गोळ्या बसतात त्या फिरत्या सिलिंडरची सगळी घरं वेगवेगळी साफ करायची असतात आणि सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरची काजळी चिवट असते. तरीही अर्ध्या तासाच्या वर सहसा जात नाही. सॉल्व्हंट, म्हणजे मळ सोडवणारं द्रव, लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असेल तर तो वेळ मुरण्याचा, आपण घासण्याचा नाही.

ट्रिगरची यंत्रणा दर वेळी खोलायची नाही हे मी मुद्दाम वेगळं सांगते. तिथल्या स्प्रिंग आणि पिना बारीक असतात, आणि चुकीची बसलेली एक पीन म्हणजे नको तेव्हा सुटणारी गोळी. ते काम परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडच्या कारागिराचं. शस्त्र अधिनियम, 1959 च्या पाचव्या कलमानुसार शस्त्रदुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो. ओळखीचा मेकॅनिक आहे, हात चांगला आहे, हे कारण तिथे चालत नाही.

दोन तासांच्या नियमाचा खरा तोटा मला रेंजवर दिसतो. कामावरून ट्रेनने घरी येणाऱ्या माणसाला दोन तास कुठून मिळणार? तो म्हणतो, रविवारी बघू. रविवार पुढे ढकलला जातो आणि घामाच्या बोटांचे ठसे बोल्टवर तसेच राहतात. घामात मीठ असतं आणि आपल्याकडे खाडीची हवा. त्याच संध्याकाळी पाच मिनिटं कोरडं पुसून तेलाचा हात फिरवला असता तर हत्यार वाचलं असतं.

उकळत्या पाण्याचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो हवेतून आलेला नाही. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं. ही क्षाराची पूड हवेतलं पाणी ओढून घेते आणि पोलादाला रातोरात गंज चढवते. तेलात ती विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून .303 ली-एनफिल्ड या जुन्या लष्करी रायफलच्या काळात शिपाई नळीत उकळतं पाणी ओतायचे. उकळतंच का, तर क्षार धुतला जातो आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होते. त्यानंतर पुल थ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंधी लावून ओढायची आणि तेल द्यायचं. त्या दारूगोळ्यासाठी ती पद्धत अगदी बरोबर होती.

आज स्पर्धेसाठी मिळणाऱ्या टू-टूच्या आणि पिस्तुलाच्या काडतुसांत तो प्रायमर नसतो. त्यांत शिशाचं एक संयुग वापरतात आणि त्यातून असा गंजवणारा क्षार उरत नाही. म्हणजे पाण्याने धुण्यासारखं नळीत काहीच नाही. उलट बेसिनवर धरून ओतलेलं पाणी दस्त्याच्या सांध्यात आणि ट्रिगरच्या घरात शिरतं, तिथे पुसायला हात पोचत नाही, आणि जुलै-ऑगस्टच्या हवेत ते आपोआप सुकत नाही.

एका हत्याराला मात्र पाणी लागतंच. ठाण्यात राहणाऱ्या कित्येक कुटुंबांची घरं कोकणात आहेत आणि तिथे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची, म्हणजे पुढून दारू ठासून भरायची, बंदूक असते. काळ्या दारूचा जळका अंश ओल धरतो, म्हणून ती झाडल्यावर त्याच दिवशी गरम पाणी आणि साबणाने नळी धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि मग तेल द्यायचं. गावच्या म्हाताऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यांची पद्धत उचलून इथल्या टू-टू रायफलवर लावली की बिघडतं.

रॉकेल काजळी सोडवतं हे खरं आहे. पण ते उडून गेल्यावर पोलादावर संरक्षण म्हणून काही उरत नाही, आणि बंद फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी, रॉकेलने भिजलेल्या चिंध्या ठेवणं हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. कुणी पेट्रोल वापरत असेल तर आजच थांबवा. खोबरेल तेलाबद्दल रेंजवरची गोष्ट सांगते. एका वडिलांनी मुलीच्या रायफलला भक्तिभावाने खोबरेल लावून आणलं होतं. घरी सगळं ठीक चालत होतं, एसी रेंजवर बोल्ट जड झाला. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. एसी त्याच्या खाली असला की फायरिंग पिनभोवतीचं तेल थिजतं, पीन सावकाश पडते आणि काडतूस फुटत नाही. न फुटलेलं काडतूस चेंबरमध्ये असणं ही साधी अडचण नाही. अशा वेळी नळी टार्गेटकडेच धरून थांबावं लागतं, कारण उशिराने फुटण्याची शक्यता असते. जवस, करडई ही तेलं हवेने चिकट होत जातात, तीही नकोत. चांगलं गन ऑइल घ्या. अगदीच अडलं तर शिलाई मशीनचं पातळ तेल तात्पुरतं चालतं. डब्ल्यूडी-40 हे ओल हटवण्यासाठी बनवलेलं आहे. हत्यार पावसात भिजलं तर ते मारा, पण नंतर पुसून गन ऑइल लावा. महिनाभर त्याच्या भरवशावर राहू नका.

आता रॉड. मेसेजमधली सर्वांत महागात पडणारी सूचना हीच आहे. नळीच्या पुढच्या टोकाची कड, जिला नेमबाज क्राउन म्हणतात, तिथून गोळी शेवटची सुटते. त्या कडेला एका बाजूने जरी खरवड पडली तरी मागून सुटणारा वायू सगळीकडे सारखा निसटत नाही आणि गोळी ढकलली जाते. सांध्यांचा लोखंडी रॉड पुढून घालून पन्नास वेळा घासला की नेमकी तीच कड झिजते. जिथे बोल्ट निघतो तिथे रॉड मागूनच घालावा. रॉड एकसंध आणि प्लास्टिकचा थर असलेला असावा, आणि चेंबरमध्ये गाइड बसवावा म्हणजे रॉड वाकून घासत नाही. चिंधी एकाच दिशेने, मागून पुढे, जाऊ द्या. पुढे निघाली की ती काढून टाका, मळ पुन्हा आत ओढू नका. ब्रशची दिशा नळीच्या मध्येच बदलू नका. ज्या बंदुकीला मागून रॉड घालता येत नाही तिला पुल थ्रू किंवा बोअर स्नेक (नळीतून ओढायचा कापडी दोर) बरा. फक्त तो अधूनमधून धुवा, नाहीतर मागच्या वेळचा मळच परत नळीत जातो.

पांढऱ्या चिंधीचं तर ध्येयच चुकीचं आहे. तांबं काढणाऱ्या बऱ्याच सॉल्व्हंटमध्ये अमोनिया असतो. रॉडच्या टोकाला चिंधी धरणारा पितळी जॅग असेल तर तो अमोनिया जॅगचंच तांबं खातो आणि चिंधी निळसर-हिरवी निघत राहते. नळी कधीच साफ झालेली असते आणि माणूस अजून घासतोय. शिवाय टू-टूच्या स्पर्धेच्या गोळीवर तांब्याचं कवच नसतं. ती मेण लावलेली शिशाची गोळी आहे, तिला ते सॉल्व्हंट लागतच नाही. त्या मेणाचा पातळ थर नळीत बसल्यावरच गट घट्ट येतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागतात. म्हणून नळी चकचकीत केल्यानंतरच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात आणि जाणते नेमबाज मोजायच्या गोळ्यांआधी त्या झाडून घेतात. किती गोळ्यांनी नळी साफ करावी यावर चांगल्या नेमबाजांत मतभेद आहेत. कुणी रोज एक-दोन चिंध्या ओढतं, कुणी काही शे गोळ्यांनंतर. मला पहिली सवय बरी वाटते, कारण आपल्या हवेत कोरडी चिंधी ओढणं म्हणजे नळीची रोजची तपासणीही होते. पण रोज घासून काढणं कुणीच सांगत नाही.

एअर रायफलवाल्या पालकांनी पुढचं कृपया लक्ष देऊन वाचावं. दहा मीटरच्या 4.5 मिमी एअर रायफलमध्ये दारू नसतेच, मग दारूची काजळी कुठून येणार? नळीत थोडं शिसं आणि धूळ असते. त्यासाठी फेल्टच्या सफाई गोळ्या मिळतात. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने त्या कोरड्या झाडायच्या. रोजचं काम म्हणजे घामाचे हात लागलेला धातू पुसणं, दोन-तीन मिनिटांचं. नळीत तेल घालायचं नाही. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये हवा दाबली जाते तेव्हा ती तापते आणि तेलाची वाफ पेट घेते. छर्रा भलत्याच वेगाने जातो आणि पिस्टनचं सील खराब होतं. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलमध्ये साधारण 200 बार दाबाची हवा असते, तिथे खनिज तेल म्हणजे सरळ धोका. सीलसाठी कंपनीने सांगितलेलं ग्रीसच वापरायचं. आणि सिलिंडरवरची उत्पादनाची तारीख बघा. स्पर्धेत दहा वर्षांवरचा सिलिंडर चालत नाही. तेलाच्या बाटलीपेक्षा ती तारीख जास्त महत्त्वाची आहे.

मनू भाकरचं नाव या मेसेजमध्ये ओढलेलं मला फार लागलं. 25 जुलै 2021 ला टोकियोत 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलाच्या यंत्रणेत बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, आणि तरीही 575 गुण करून ती अंतिम फेरीपासून दोन गुणांनी राहिली. यंत्रणेतला बिघाड आणि नळीतला मळ यांचा संबंध नाही. तिने हलगर्जीपणा केला असं सुचवणं अन्याय आहे.

मेसेजमध्ये जे अजिबात नाही त्याबद्दल मला सर्वांत जास्त चिंता आहे. हत्यार रिकामं असल्याची खात्री हा शब्दही त्यात नाही. साफ करताना गोळी सुटली अशी बातमी आपण दरवर्षी वाचतो. क्रम ठरलेला आहे : नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड किंवा बोल्ट मागे घेऊन चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. स्लाइड आधी ओढून मॅगझिन नंतर काढलं तर चेंबरमध्ये नवीन गोळी गेलेली असते. रिव्हॉल्वरचा सिलिंडर उघडून सगळी घरं मोजायची. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात.

शिशाबद्दलही अक्षर नाही. चिंध्यांवर, ब्रशवर, बोटांवर शिसं असतं आणि लहान मुलांना त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा खूप लवकर होतो. जेवणाच्या टेबलावर हे काम नको. वर्तमानपत्र पसरून गॅलरीपाशी, खिडकी उघडी ठेवून करा, चहा-बिस्किटं नंतर. हात साबण आणि गार पाण्याने धुवा. वापरलेल्या चिंध्या वेगळ्या पिशवीत बांधून टाका.

साठवण. नेरूळ, ऐरोली, कोपरीसारख्या खाडीलगतच्या भागांत पावसाळ्यात कपाटातले चामडी बूटही बुरसतात. चामड्याच्या म्यानात ठेवलेलं पिस्तूल तसंच गंजतं, कारण चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात. फोमच्या पेटीतही ओल अडकते. पेटी वाहतुकीसाठी ठेवा. घरी कुलपाच्या कोरड्या कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते रंग बदललं की तापवून परत घाला. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून पाच मिनिटं पुसलं की पुरे. खंडेनवमीला पूजा अवश्य करा, पण हळद-कुंकू, अक्षता आणि पाण्याचे शिंतोडे त्याच दिवशी पुसून काढा, आणि नळीच्या तोंडात फूल खोचू नका.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बऱ्याच परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या आणि काहींची हत्यारं वर्षात दोनदा जमा झाली. जमा करण्याआधी नळीच्या आत आणि बाहेर तेलाचा नेहमीपेक्षा जाड हात द्या, चामडी म्यान घरीच ठेवा. परत मिळाल्यावर आधी परवान्यावरचा क्रमांक जुळवा, हत्यार रिकामं असल्याची खात्री करा आणि बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरून बघा. आत विसरलेली चिंधी, तेलाचा गोळा किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर असेल आणि तशीच गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. काही नसलं तरी कोरड्या चिंध्या ओढून चेंबर आणि नळी तेलमुक्त करा, मगच रेंजवर न्या.