लकवा मारला की जवळचा नाही, सीटी स्कॅनचा दवाखाना गाठा

लकवा बहुतेक वेळा दुखत नाही, घोळ तिथंच होतो. छातीत कळ आली की गावात लगेच गाडी निघते. पण निंदता निंदता हातातलं खुरपं सुटलं, पायातली चप्पल निसटली अन् कळलंही नाही, जीभ जड झाली, तर "ऊन लागलं असन", "तोंडात खर्रा असन" म्हणत माणसाला बाजेवर निजवतात. गडचिरोलीच्या 86 गावांतला 'सर्च' या आरोग्य संस्थेचा अभ्यास 2015 मध्ये छापून आला. त्यात दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा निघाला, आणि त्यातले बहुतेक जण घरीच वारले.

शंका आली की जागेवरच पाहा. दात दाखवायला सांगा, ओठाचा एक कोपरा खाली राहतो का? डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात दहा सेकंद समोर धरायला लावा, एक हात खाली घसरतो का? गावाचं नाव, आजचा वार विचारा, बोलणं अडखळतं का? यातलं एकही अचानक बिघडलं असेल तर 108 लावा आणि "लकवा वाटतो" असं स्पष्ट सांगा. अचानक तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, हीसुद्धा लकव्याचीच लक्षणं असू शकतात.

मग घड्याळ. लकवा मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकून होतो, नाहीतर नस फुटून रक्तस्राव झाल्यानं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. संध्याकाळी 6 ला तोंड वाकडं झालं तर 10.30 ला ती वेळ संपली. त्यात सीटी आणि तपासण्यांना तासभर धरा, म्हणजे 9.30 च्या आत पोहोचलं पाहिजे. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं, तर माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लिहा. उठल्याची नाही.

गावातल्या डॉक्टरकडं सलाईन लावून "सकाळी पाहू" म्हणणं मला सगळ्यात महागाचं वाटतं. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कोणालाच सांगता येत नाही. म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर वाढेल. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका, बीपी एकदम उतरलं तर मेंदूला रक्त आणखी कमी पडतं. पाणी, चहाही नको. गिळता येत नसलं की ते फुप्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. शुगरचा पेशंट असेल आणि घरी मशीन असेल तर शुगर तपासा, कमी शुगरही हुबेहूब असंच सोंग करते. कबुतराचं रक्त, मालिशीचं तेल यांवर काय बोलायचं!

साडेचार तास उलटले तरी निघाच. मोठी नस बंद असेल तर नागपूरसारख्या ठिकाणी तारेनं गुठळी काढतात, काही निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंतसुद्धा.

आणि दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तर? तरीही त्याच दिवशी जा. खरा झटका पुढच्या दोन दिवसांत यायची भीती सगळ्यात जास्त असते. रात्री सीटी कुठं चालू असतो, हे आजच आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारून ठेवा.