बरं हाय, खरं…

दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय. मला तो तीनदा आला. त्याचं सार असं: शाळेत कुणी पोरांना 'उदास वाटतं का, भीती वाटते का, जगू नये असं वाटतं का' विचारायला आलं तर सही देऊ नका. विचारलं की तेच डोक्यात भरतं. मग वेड्याचा शिक्का, मग गोळ्या. हे परदेशी खूळ आहे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

परदेशी खूळ? जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्यसेवा कशी द्यायची याचा देशातला नमुना १९८०च्या दशकात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने आपल्याच कर्नाटकातल्या बळ्ळारीत उभा केला. १९९६चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावरच बेतला.

आमच्या वेळीही होतं. 'लागीर झालंय' म्हणायचे आणि देवऋषाकडे न्यायचे.

आता 'विचारलं की डोक्यात भरतं'. ही भीती मनापासूनची आहे, म्हणून हसण्यावारी नेत नाही. पण ती तपासून झाली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, काहींना विचारलं नाही. दोन दिवसांनी पाहिलं, तर विचारलेल्या मुलांत ना अस्वस्थता वाढली होती, ना तसले विचार. आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्याने थोडं हलकंच वाटलेलं दिसलं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. बेळगावजवळच्या खानापूर, येळ्ळूर, उचगावकडच्या पोराला 'कसं चाललंय' विचारा. म्हणेल, 'बरं हाय, खरं…' आणि थांबेल. बेळगावकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्याच्या डॉक्टरला सांगावं लागतं. आपल्यालाही ते ऐकून सवय झालेली, म्हणून त्या 'खरं'नंतरचं वाक्य आपण ऐकायला थांबत नाही. शाळेत विचारायची प्रश्नावली तिथे थांबते, एवढंच तिचं काम. चिंतेची सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे: गेल्या दोन आठवड्यांत जीव घाबरा झाला का, काळजी आवरेनाशी झाली का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त झाले की कुणीतरी पोराशी निवांत बोलायचं. मात्र हे प्रश्न घरच्या भाषेत हवेत. मराठी शाळेतल्या पोराला कन्नड किंवा इंग्रजी कागद दिला, तर ते सगळीकडे शून्यावर खूण करून मोकळं होईल.

शिक्क्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण सुमारे ७ टक्के आढळलं. म्हणजे शंभरांत सात. समजा प्रश्नावलीने त्यांतली सहा पोरं हेरली आणि उरलेल्या ९३ पैकी १४ जणांवर उगीच बोट ठेवलं. वीस नावं निघाली, त्यांतली चौदा ठणठणीत! म्हणून गुण म्हणजे निदान नव्हे. ती यादी शिक्षकखोलीच्या टेबलावर पडून राहिली, तर शिक्का बसणारच. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. सही देण्याआधी 'कागद कुणाकडे राहणार' हे विचारा. हा प्रश्न मेसेजमध्ये असता, तर मीच तो पुढे पाठवला असता.

गोळ्या? सौम्य त्रासात आधी समुपदेशन. नैराश्यावरची औषधं किशोरांना जपून देतात. मुलांत आणि किशोरांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्येच दिला. त्यामुळे सात प्रश्नांवरून कुणी चिठ्ठी लिहून देत असेल, तर ते चुकतंय.

अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञ गटाने २०२२ मध्ये ८ ते १८ वर्षांच्या मुलांत चिंतेची आणि १२ ते १८ मध्ये नैराश्याची चाचणी सुचवली. आत्महत्येच्या धोक्याच्या सरसकट चाचणीबाबत मात्र पुरावा अपुरा आहे, असंही त्यांनीच सांगितलं. चाचणीनंतर पुढची सोय हवी, हे तर सगळेच सांगतात. आपल्याकडे घोडं तिथेच अडतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालतो. पण सहा पोरांना समोर बसून ऐकणारं कुणीतरी तालुक्याला लागेल. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक-समितीच्या, पुढच्या बैठकीत विचारू या: तालुका दवाखान्यात मनाचा डॉक्टर कुठल्या वारी येतो, आणि त्याला मराठी कळतं का?