डिटेल म्हणे! नुसती किणकिण

इयरफोनच्या खोक्यावर 'डिटेल्ड साउंड' छापायला बंदी घाला एकदाची. निदान पाच हजारांखालच्या खोक्यांवर तरी.

माझं मागणं फार नाही. नाट्यगीत लावलं की ऑर्गनचा सूर आणि गायकाचा सूर वेगवेगळे कळावेत. डग्गा घुमावा, पण तंबोऱ्यावर चढून बसू नये. तानेच्या मध्ये श्वास कुठे चोरलाय ते ऐकू यावं. बजेट तीन हजार.

मिळतं काय? सहा ते आठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मुद्दाम चढवलेला ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला तीक्ष्ण आवाज. तेवढा भाग वर उचलला की 'स' आणि 'श' कानात टोचायला लागतात, झांज अंगावर येते, तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा 'ता' ताडकन फुटतो आणि गिऱ्हाईक खूश, वा, किती बारीक ऐकू येतंय! कप्पाळ. अर्ध्या तासात कानशिलं ठणकतात. जुन्या ध्वनिमुद्रणांचे तर हालच विचारू नका. आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानावर बसून अंतराळात गेली. इथे फोंड्यात माझ्या कानात काय पोचतं, तर तबकडीची खरखर. तिचं डिटेल मात्र अगदी कणाकणानं!

वर ते सोनेरी 'हाय-रेझ' स्टिकर. म्हणे चाळीस किलोहर्ट्झपर्यंत वाजतं. माणसाला धडधाकट तरुण वयात वीसपर्यंत ऐकू येतं. उरलेलं काय चिकूवर येणाऱ्या वटवाघळांसाठी? आणि ड्रायव्हर, म्हणजे आतले आवाज काढणारे चिमुकले स्पीकर, मोजायचं नवं खूळ, एका कानात चार, सहा, आठ. एटिमोटिक कंपनीचा ईआर-४ हा इयरफोन १९९१ मध्ये आला, एका कानात एकच ड्रायव्हर, आणि बारकाव्यांसाठी अजून त्याचं नाव घेतात. ट्यूनिंग, म्हणजे कुठला सूर किती वाजवायचा याचा मेळ, गंडलेलं असेल तर आठ ड्रायव्हर मिळून आठपट गोंधळच घालणार ना?

बरं, ऐकून घ्यावं म्हटलं तर कुठे? पणजी, म्हापसा, मडगाव, सगळीकडे माल प्लास्टिकात सीलबंद, खिळ्याला टांगलेला. मागितलं की उत्तर ठरलेलं: "पात्रांव, बेस कितलो आसा पळय!" अरे बाबा, बेस नको, मधला आवाज कसा आहे सांग. "तसलें कोणूच मागना." विषय संपला.

ऑनलाइन मागवा, तर कानात घालायची वस्तू म्हणून परत घेत नाहीत. पण कानात घातल्याशिवाय कळणार कसं? सिलिकॉनची टिप नीट बसली नाही तर बेस गळून जातो आणि चांगला इयरफोनही पत्र्यासारखा वाजतो. म्हणजे दोष मालात की टिपेत, हेही पैसे गेल्यावर शोधायचं. परीक्षणंवाले सगळे इंग्रजी गाण्यांवर तपासतात, पेटीचा भाता कसा ऐकू येतो हे एकजण सांगेल तर शपथ. आणि टिकलाच इयरफोन, तर आमचा पावसाळा आहेच, दोन पावसाळे उलटले की पारदर्शक वायर हिरवीगार.

दुकानदारांनो, प्रत्येकातली एक जोडी उघडून ठेवा. टिपा स्पिरिटने पुसा, स्टूल द्या, दहा मिनिटं गप्प बसा. हवे तर त्याचे पन्नास रुपये घ्या. गाणं माझ्या फोनवरचं लावेन, तुमचं ते डीजे रिमिक्स नको.