नारळ मिळाल्यावरचा विमा

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हापासून आमच्या भावंडांच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय: स्वतःचा विमा घ्यायचा, की कंपनीचा मेडिक्लेम पुरे? हिंजवडीतला धाकटा भाऊ म्हणतो, "पाच लाखांचा आहे, आईबाबाही त्यातच. वेगळे पैसे कशाला घालवू?" वर मला टोमणा: "दादा, तुमच्याकडे तर नोकरी गेली तरी विमा जात नाही."

जात नाही, खरंय. नोव्हेंबरात न्यू जर्सीत मला नारळ मिळाला आणि थोड्याच दिवसांत जाडजूड पाकीट आलं. कोब्रा. साप नव्हे, १९८५ सालच्या बजेट कायद्याच्या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील, तर काढलेल्या माणसाला तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो. मेख हप्त्यात आहे. नोकरीत असताना पगारातून महिन्याला साडेपाचशे डॉलर कापले जायचे, बाकीचे कंपनी भरायची. आता तिचा वाटाही माझ्याच बोकांडी, वर दोन टक्के कारकुनी खर्च. चौघांचे २,१४० डॉलर, तेही पगार बंद झाल्यावर!

या कायद्यात एक पळवाट मात्र छान आहे. हो-नाही ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि हो म्हटलं की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. मधल्या महिन्यांचे हप्ते तेवढे भरायचे. म्हणून, कुणी आजारी पडलं तरच हो म्हणू असं ठरवून, आम्ही फॉर्म फ्रिजवर चिकटवून गप्प बसलो. एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला नवी नोकरी शोधायलाही जास्तीत जास्त साठच दिवस, म्हणजे घरात दोन घड्याळं टिकटिकत होती. मुलगी आइस स्केटिंगला निघाली की मी काहीतरी कारण काढून तिला अडवायचो. कारण खरं सांगायची लाज वाटायची. एक्कावन्नाव्या दिवशी नोकरी लागली, तिथला विमा रुजू झाल्यापासूनच सुरू झाला, आणि तो फॉर्म कोराच रद्दीत गेला. शहाणपणा नव्हता त्यात, नशीब होतं.

अमेरिकेत विमा नोकरीच्या दावणीला बांधला गेला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीला लगाम घातला, पण विम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या. माणसं टिकवायला कंपन्यांनी विमा देऊ केला. आपल्यावर तशी वेळ आलेली नाही, तरी आपण हौसेने त्याच गोठ्यात शिरतोय. आणि आपल्याकडे कोब्राही नाही. कंपनी सोडली की गटविमा साधारणपणे शेवटच्या दिवशीच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, पण ती मुदतीत मागावी लागते आणि वय-आजार पाहून हप्ता ठरतो. एचआर निरोपाचा केक आठवणीने आणतं, हे सांगायचं विसरतं.

तरुणपणीच स्वतःची पॉलिसी घ्यावी, कंपनीची वरकड समजावी, असं माझं मत. भावाला तेच लिहिलं. तो म्हणाला, "माझं ठीक आहे रे. बाबांना शुगर आहे, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन राहिलंय. गटविम्यात पहिल्या दिवसापासून सगळं धरलंय. बाहेर जुन्या आजारांना तीन-तीन वर्षं थांबायला लावतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काल त्याने एचआरला मेल टाकला: मी सोडून गेलो तर आईबाबांच्या विम्याचं काय? अजून उत्तर आलेलं नाही.